पान तीनची अक्षरं

६ जानेवारी, मंगळवार

पत्रकार दिन. हार, शाली, चार भाषणं. सगळ्यांनी लेखणीचं कौतुक केलं. पान लावणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही, घ्यावं असंही नाही. मागच्या रांगेत बसून मी वक्त्यामागचा फ्लेक्स बघत होते. दोन ओळींत इतकं कमी अंतर की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसलेला. बावीस वर्षं या पेपरची पानं लावली, आता दुसरं काही दिसत नाही.

येताना भाऊसाहेब म्हणाले, "मंदा, यंदा आपल्या साप्ताहिकाला पन्नास वर्षं होतात. एक अख्खं पान करू. पेपरचा चेहरा कसकसा बदलत गेला, पहिल्या अंकापासून. तूच कर."

"लिहू पण मीच?"

"मग कोण? मी मालक, मी संपादक, पण मी बातम्या पाहिल्या. पेपर तूच पाहिला."

चांगलं वाटायला हवं होतं. संध्याकाळभर नुसती चुळबुळ.

७ जाने.

माळ्यावरून फायली काढल्या. कोपरे उंदरांनी खाल्लेले.

पहिला अंक चार पानांचा. दोन कॉलमांच्या मधे काळी उभी रेघ. मथळे तीनच आकारांचे, कारण शिशाच्या अक्षरांचे तेवढेच खिळे होते. आमदार निवडून आले तरी तोच टाइप, तलाव फुटला तरी तोच. फोटो जवळजवळ नाहीच. बैलजोडीच्या चित्राचा एक ठोकळा आहे, तो शेतीच्या प्रत्येक बातमीवर. वर्षभर तीच बैलजोडी. कोणी काही म्हटलं नसेल का?

मग पट्टी घेऊन मजकुराचं अक्षर मोजलं. बारा पॉइंट. पुढे ऑफसेट आलं तेव्हा अकरा. मी लागले तेव्हा दहा.

त्यानंतरचं मोजायची गरज नव्हती. साडेनऊ मी केलं. नऊ मी केलं. पानं बारावरून आठ झाली तेव्हा साडेआठ, तेही मीच. प्रत्येक वेळी भाऊसाहेब म्हणाले, "कोणाले समजत नाही." आणि खरंच कोणाला समजलं नाही. अर्धा अर्धा पॉइंट.

बारा आणि साडेआठ शेजारी ठेवून पाहिलं. फाइल बंद केली.

९ जाने., शुक्रवार

अंक निघाला. आंधळगावचा आमचा वार्ताहर गजानन फोनवर होता. तो शेती करतो, गावची बातमी मोबाइलवर पाठवतो, मानधन नावापुरतं. पन्नास वर्षांच्या पानाचं सांगितलं तर म्हणाला, "ताई, पहिल्या अंकाचे खिळे ज्यानं जुळवले तो मानूस आमच्याच गावात हाये. तुळशीराम काका. तुमाले माहीत नाही?"

माहीत नव्हतं. रविवारी जाते. यांना चिखल्याच्या खाणीवर फोन करून सांगितलं, या रविवारी घरी येऊ नका. खाणीत डबल ड्यूटी मिळते का बघतो म्हणाले.

११ जाने., रविवार

आंधळगाव. सकाळची एसटी, हातपाय गारठलेले.

तुळशीराम काका पंच्याहत्तरीच्या पुढचे. सरळ बसतात. बोटं अजून झरझर चालतात, बोलताना हवेतल्या हवेत खिळे उचलतात. म्हणाले, "खिळा उलटा राहते. आरशात पाहिल्यावानी. आम्ही उलटंच वाचत होतो, म्हणून सरळ वाचाले वेळ लागे मले."

ते नागपूरच्या छापखान्यात शिकले. त्यांच्या उस्तादानं शिळाप्रेस पाहिला होता. त्यात खिळेच नव्हते. सुंदर अक्षराचा माणूस अख्खं पान हातानं लिहायचा आणि ते दगडावर उतरायचं. "त्याचा हात दुखला त पेपर थांबे," काका म्हणाले. मग शिशाचे खिळे आले. मथळ्याचं मोठं अक्षर लाकडाचं, कारण शिशाचं तेवढं मोठं अक्षर जड होई. दोन ओळींमधे शिशाची पातळ पट्टी टाकत. "पट्टी काढली की चार ओळी जास्त बसत. मालक नेहमी म्हणे, काढ पट्टी. मी म्हणो, ओळीले श्वास पाहिजे."

मी या आठवड्याचा अंक दिला. त्यांनी कागद चोळून पाहिला, उलटला, रंगीत पानावरून अंगठा फिरवला. "छान हाये."

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाचत नाही ते. आधी मी वाचून दाखवत होती. आता मलेही दिसत नाही."

कोनाड्यात अंकांची चळत. घड्या मोडलेल्याच नाहीत.

"मोतीबिंदू हाय म्हणते," काका म्हणाले. "असंल. पण एसटीची पाटी दिसते मले. मानसाचा चेहरा दिसते. पेपर नाही दिसत." मग जरा थांबून, "कोन्त्या टाइपात लावून राहिली तू?"

साडेआठ, मी म्हणाले. त्यांनी अंकाची घडी घालून चळतीवर ठेवला.

ऑपरेशन करून घ्या म्हटलं. पाहू म्हणाले. भीती वाटते त्यांना, काकू म्हणाल्या.

१२ जाने.

पानासाठी टिपणं. जुनी वर्तमानपत्रं पुस्तकासारखी दिसायची, दोन लांब कॉलम, वरपासून खालपर्यंत मजकूर, बातमी कुठं संपली आणि दुसरी कुठं सुरू झाली ते शोधावं लागे. वाचक निवांत होता का? का वाचक थोडेच होते, आणि जे होते ते सगळं वाचत? मग कॉलम वाढले, मथळे वाढले, चौकटी आल्या, फोटो आले. ऑफसेटच्या काळात मजकुराच्या कागदी पट्ट्या कापून डिंकानं चिकटवत. एकेक ओळ ब्लेडनं. मग संगणक, माझं मशीन. मथळा फुगत गेला, फोटो फुगत गेला, रंग आले. पान जेवढं होतं तेवढंच राहिलं. मग कोण आकसलं?

मजकूर.

हे पानात लिहायचं का? भाऊसाहेब कापतील.

१४ जाने., संक्रांत

तिळगूळ देताना विषय काढला. मजकुराचं अक्षर वाढवू या, निदान पान तीनचं. गावांच्या बातम्या तिथं, म्हातारे तेच पान वाचतात.

"जागा कुठं हाये, मंदा? जाहिरात काढू का? तिच्यावरच तर पेपर चालून राहिला."

"बातम्या थोड्या कमी करू."

"ज्याची काढशील तो गाववाला फोन करंल. आणि आता कोण कागदावर वाचते? पीडीएफ पाठवतो आपण. बोटानं मोठं करते लोक."

तुळशीराम काकांकडं बटणाचा फोन आहे.

हातात तिळगूळ चिकट होईपर्यंत उभी होते.

१५ जाने., गुरुवार

केलं. न विचारता केलं.

पान ३ साडेदहा पॉइंटात. दोन ओळींमधे अंतरही सोडलं. एकोणीस बातम्यांतल्या तेरा बसल्या. सहा पुढच्या अंकाला. बाकीच्यांच्या शेपट्या छाटल्या. सत्कार, भूमिपूजन, भजन स्पर्धेचा निकाल. शेवटचा परिच्छेद बहुतेक नावांचाच असतो: यांच्या हस्ते, त्यांच्या उपस्थितीत, आभार अमुक यांनी मानले. एका वेळी चार चार ओळी उडवल्या. गजाननची नेत्रशिबिराची बातमी लांब होती, तिचाही शेवटचा परिच्छेद काढला. आयोजकांची नावंच नावं. तीन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. चारला पानं छापायला जातात.

भाऊसाहेब नागपूरला गेलेले. पानं गेली.

पान मोकळं दिसत होतं, सारवलेल्या अंगणासारखं. आनंद झाला. भाऊसाहेबांना उद्या सांगायचं.

१६ जाने.

भाऊसाहेबांनी अंक चाळला. पान तीनवर थांबले. "हे पान आज बरं दिसून राहिलं," म्हणाले आणि पुढं गेले. मी सांगणार होते. सांगितलं नाही.

तीन फोन आले. पवनीचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, बऱ्याच दिवसांनी चष्मा न बदलता वाचलं.

संध्याकाळी गजानन. "ताई, काकूनं आज सोताच वाचलं पान. मोठ्यानं. काका बाजूले बसून ऐकत होते. मग काकानं पेपर हातातून घेतला आन् मथळे वाचले. नेत्रशिबिराची बातमी तीनदा वाचून घेतली." काका शिबिराला जायला तयार झालेत. वीस तारखेला. गावातून बस नेणार आहेत.

"इतके दिवस मी तोंडानं सांगत होतो त आयकत नव्हते. पेपरात आलं म्हणून तयार झाले."

१८ जाने., रवि

हे आले चिखल्याहून. शेंगा उकडल्या. दोनदा विचारलं त्यांनी, काय झालं, एका जागी का बसत नाहीस. काही नाही म्हटलं. चांगलंच तर झालंय. मग का

२० जाने., मंगळवार

आज शिबिर. दुपारी गजाननला फोन लावला, उचलला नाही. तीनदा लावला.

२१ जाने.

गजाननचा फोन सकाळी.

बस ग्रामपंचायतीसमोरून सुटली, सात वाजता. अकरा जण बसस्टँडवर उभे होते. सगळे म्हातारे. काका आणि काकू त्यांत. सातच्या आधीपासून. दहा वाजेपर्यंत उभे. कोणीतरी येऊन सांगितलं की बस केव्हाच गेली, तेव्हा घरी गेले.

"लोक मले शिव्या देऊन राहिले, ताई. म्हणते, तू बातमी अर्धी देली. मी लिहिलं होतं ना. स्टँडवरून नाही, ग्रामपंचायतीसमोरून. पेपरात आलंच असंल म्हणून तोंडानं नाही सांगतलं. आठवते मले, लिहिलं होतं."

पाहून सांगते म्हटलं.

त्याचा मेसेज उघडला. शेवटचा परिच्छेद. नऊ नावं. नावांच्या मधोमध एक वाक्य: 'शिबिरार्थींसाठी बस एसटी स्टँडवरून नव्हे तर ग्रामपंचायत कार्यालयासमोरून सकाळी ७ वाजता सुटेल.' त्याच्यापुढे पुन्हा नावं.

मी वाचलंच नव्हतं. नावं दिसली आणि कापलं.

गजाननला उलट फोन केला नाही.

२२ जाने., गुरुवार

आंधळगावहून अर्ज आला, हाताने लिहिलेला, खाली सह्या आणि अंगठे. चुकीची बातमी देणारा वार्ताहर बदला. गजाननची चुलत काकूही सह्यांत आहे.

भाऊसाहेब चिडले नाहीत. उदास झाले. "पोरगा चांगला होता. घाई केली त्यानं." मला म्हणाले, "दिलगिरी टाक. लिही: वार्ताहराच्या अनवधानाने..."

मी लिहिलं.

मी समोर बसून, त्यांनी सांगितलं तसं, शब्द न् शब्द टाइप केलं. भोवती चौकट टाकली. पान ३ परत साडेआठवर आणलं. राहिलेल्या सहा बातम्या बसल्या. दिलगिरीही साडेआठात बसली.

तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. चारला पानं गेली.

२३ जाने.

अंक निघाला. गजाननचा फोन बंद.

२५ जाने., रविवार

यांना सांगितलं. भात वाढताना सांगितलं, त्यामुळे ते वरणाची वाटी हातात धरून ऐकत राहिले.

वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "आमच्याकडं खाणीत खाली काही चुकलं त वर येऊन आधी सांगा लागते, त्या जागी कोण होतं. भीती वाटते सांगाले. पन नाही सांगतलं त दुसऱ्या पाळीचा मानूस त्याच जागी जाते."

"मले कामावरून काढलं त?"

"काढू दे. मी हाये ना." मग जेवायला लागले. "पन काढत नाही तुले. कोण लावंल पानं?"

उद्या झेंडावंदन, सुट्टी. परवा.

२७ जाने., मंगळवार

सांगितलं. उभ्यानं सांगितलं, बसले असते तर उठून गेले असते.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. दिलगिरीबद्दल नाही, आधी दुसरंच विचारलं. "टाइप वाढवला तेव्हा मले विचारलं काहून नाही?"

"संक्रांतीला विचारलं होतं. तुम्ही जागा कुठं हाये म्हणाले."

"मग?"

"मग मी केलं."

ते उठून खिडकीशी गेले. खाली ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

म्हटलं, पुन्हा दिलगिरी टाका. गजाननची चूक नव्हती असं. खाली माझं नाव.

"दिलगिरीची दिलगिरी? लोक हसतील आपल्यावर. आणि ऑपरेटरचं नाव पेपरात? पन्नास वर्षांत कधी छापलं नाही." मग हळू आवाजात, "झालं ते झालं. मी गजाननशी बोलतो."

बोलले का? दिवसभर विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

२८ जाने.

रजा टाकून आंधळगाव.

गजानन शेतात, उन्हाळी धानाच्या पऱ्ह्याला, कोवळ्या रोपांना, पाणी देत होता. बांधावर उभी राहून सगळं सांगितलं. दिलगिरीच्या आदल्या दिवशीच मेसेज नीट वाचला होता, तरी ती मीच टाइप केली, हेही. त्यानं पाण्याचं तोंड मातीनं बुजवलं, हात धुतले.

"म्हणजे गुरुवारी तुमाले माहीत होतं."

"हो."

"भाऊसाहेबाचा फोन आला होता काल. म्हणे, विसरून जा, बातम्या पाठवत राय. का विसरू ते नाही सांगतलं त्याईनं." त्यानं हात पुसले. "पेपरात छापलं ते मिटते का, ताई? चौकात लोक चहा पेतपेत वाचते. मी येतो त चूप होते."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "ऊन झालं, घरी जाऊन पानी प्या. आई हाये घरी." तो आला नाही.

मग काकांकडं. काकूंनी बसा म्हटलं नाही. "तीन घंटे उभे होतो, बाई. याईचे पाय सुजले. मी म्हणत होती, पेपरात स्टँडचं नाव नाही, आपन विचारून घेऊ. हे म्हणे, बस स्टँडवरूनच सुटते, आनखी कुठून सुटंल."

काकांनी त्यांना हातानं थांबवलं. "कोन्त्या टाइपात लावलं होतं ते पान?"

"साडेदहा."

"मग जागा पुरली नसंल."

"हो."

"आम्हीही कापत होतो. पन खिळा न खिळा हातानं लावलेला राहे. काढाले गेलं की तोच खिळा परत हाती ये. वाचल्याबिगर कापताच ये नाही." राग नव्हता आवाजात. त्यामुळं जास्त लागलं. "तुमच्या मशिनीत बटण दाबलं की गेलं."

मशीनचं काय, म्हटलं, मी वाचायला हवं होतं.

"हो," म्हणाले. "वाचाले पायजे होतं."

सोमवारी भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जाते म्हटलं, दोघांनाही. काकू उठून आत गेल्या. काका म्हणाले, पाहू.

निघताना काकूंनी पाणी दिलं.

२९ जाने., गुरुवार

पानं लावली. पान ३ साडेआठ. प्रत्येक ओळ वाचून लावली. दुप्पट वेळ. एका बातमीत तारखेचा घोळ सापडला, फोन करून विचारून घेतला. आधीच्या वर्षांत असे किती

आंधळगावची बातमी नाही. जागा रिकामी राहिली नाही, दुसऱ्या गावांनी भरली.

२ फेब्रुवारी, सोमवार

आले दोघं. पहिल्या एसटीनं. मी स्टँडवर जाऊन थांबले होते.

दवाखान्यात रांग. काकूंचं सोपं आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई, ऑपरेशनची तारीख कळवतील. काकांच्या उजव्या डोळ्याचं करता येईल. डाव्याची नस सुकली आहे, त्याचं काही होणार नाही, ते बरंच जुनं आहे. शिबिर चुकल्यानं तर नाही ना? विचारलंच मी. नाही, म्हणाल्या, कित्येक वर्षांपूर्वीचं.

तरी बरं वाटलं नाही.

काकांनी ऑफिस बघायचं म्हटलं. जिना धरून धरून चढले. भाऊसाहेब खुर्चीतून उठले. दोघं किती तरी वेळ एकमेकांचे हात धरून उभे. चहा झाला. पहिल्या अंकाची फाइल काढली, काकांनी नाकाजवळ धरून बैलजोडी ओळखली. "हा ठोकळा मीच आनला होता. पायाकडून झिजला होता."

मग उतरताना, जिन्याच्या तोंडाशी, काका भाऊसाहेबांना म्हणाले, "गजाननच्या घरी जेवलो मी काल. पोरगं जेवलं नाही."

एवढंच.

३ फेब्रु.

 दुपारी भाऊसाहेब माझ्या टेबलाशी आले. "पान तीन साडेदहा करायचं त काय काय काढावं लागंल, लिहून दे. दर आठवड्याचं. आणि जे काढशील ते आधी मले वाचून दाखव."

दिलगिरीबद्दल काही नाही.

४ फेब्रु.

यादी केली. तिसऱ्या पानावरची वाढदिवसाच्या जाहिरातींची अर्धी पट्टी. सत्काराच्या बातम्या तीन तीन ओळींत. पान एकचा फोटो दोन कॉलम लहान, काही गावं तिकडं. भाऊसाहेबांचा अग्रलेख एक चतुर्थांश कमी. हे शेवटचं लिहून खोडलं. परत लिहिलं.

यादी टेबलावर ठेवली. त्यांनी घडी घालून खिशात टाकली.

५ फेब्रु., गुरुवार

सकाळी पान ३ लावलं, साडेदहात. कोणी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. साडेआठचंही तयार ठेवलं आहे.

साडेदहाच्या पानात उजवीकडं वर सहा ओळी टाकल्या:

'१६ जानेवारीच्या अंकातील आंधळगाव नेत्रशिबिराच्या बातमीत बस कुठून सुटणार हे वाक्य वार्ताहराने पाठवले होते. पान लावताना ते कापले गेले. चूक वार्ताहराची नव्हती. शिबिराला मुकलेल्या वडीलधाऱ्यांची आणि वार्ताहराची क्षमा मागते. — मंदा, पान मांडणी.'

दोन्ही प्रुफं भाऊसाहेबांपुढं ठेवली. सव्वातीनला.

त्यांनी आधी साडेआठचं पाहिलं. मग दुसरं. सहा ओळी वाचल्या. पेन उघडलं, माझ्या नावाशी आणलं, तिथंच धरून ठेवलं. मला वाटलं, गेलं.

पेनाचं टोपण लावलं. "गजाननचा नंबर सांग. आधी त्याच्याशी बोलतो, मग सही."

सांगितला. ते फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. दोन्ही प्रुफं टेबलावर, सही एकावरही नाही.

पावणेचार. पानं छापखान्यात नेणारा गाडीवाला खाली येऊन थांबला आहे. व्हरांड्यात भाऊसाहेब पाठमोरे, फोन कानाला. बोलत नाहीत. तिकडून गजानन बोलून राहिला की नुसती रिंग जाऊन राहिली, इथून कळत नाही.